प्याल्याआधीचा सुधाकर : 'एकच प्याला'च्या एका हौशी प्रयोगाचा प्रकरण अभ्यास

पार्श्वभूमी

आमची संस्था तालुक्याच्या गावातली, हौशी. कुणी शाळेत शिक्षक, कुणी बँकेत, कुणाचं हार्डवेअरचं दुकान. रात्री आठ ते साडेदहा तालीम, वर्षाला एक नाटक, स्पर्धेत एक प्रयोग आणि जमलं तर गावात एक-दोन. दिग्दर्शन माझ्याकडे असतं. इथे माणसांची नावं, गाव आणि वर्ष वगळलं आहे. ज्यांच्याबद्दल लिहिलं आहे, त्यांनी हा मजकूर आधी वाचला आहे.

त्या वर्षी आम्ही राम गणेश गडकऱ्यांचं 'एकच प्याला' घेतलं. मुख्य कारण एकच, सुधाकर करू शकेल असा नट आमच्याकडे होता. पस्तिशीच्या आतला, भरदार आवाजाचा, गडकऱ्यांचं लांबलचक वाक्य एका दमात टाकूनही शेवटचा शब्द खाली पडू न देणारा. दुसरं कारण सोयीचं होतं. गडकरी २३ जानेवारी १९१९ रोजी गेले, त्यामुळे संहिता केव्हाच हक्कमुक्त झालेली आहे. काटछाट करायला कुणाला विचारावं लागत नाही. ही सोय पुढे आमच्या अंगाशी आली.

नाटक रंगभूमीवर आलं तेच लेखकाच्या मृत्यूनंतर, १९१९ सालीच, बडोद्याला, गंधर्व नाटक मंडळीकडून. पदं लिहायला गडकरी उरले नव्हते, ती वि. सी. गुर्जरांनी लिहिली. बालगंधर्वांची सिंधू आणि गणपतराव बोडसांचा सुधाकर, अशी ती जोडी. आमच्याकडे गाणाऱ्या सिंधूची सोय होती, पण ऑर्गन वाजवणारा कुणी नव्हता. म्हणून आम्ही पदं चारवर आणली. तो निर्णय सोपा होता आणि त्याचा फारसा पश्चात्ताप कुणाला झाला नाही.

ज्यांनी नाटक वाचलेलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. सुधाकर हा हुशार, स्वतःच्या बळावर वर आलेला वकील. सिंधू ही त्याची श्रीमंत माहेरची बायको, रामलाल जिवलग मित्र, शरद ही सुधाकरची बालविधवा बहीण, तळीराम हा कारकून. कोर्टात सुधाकरचा न्यायासनाशी खटका उडतो आणि त्याची सनद सहा महिन्यांसाठी रद्द होते. अपमानाची आग विसरण्यासाठी तळीराम त्याला एकच प्याला घ्यायला सांगतो. तिथून घर उतरणीला लागतं. सिंधूचा भाऊ पद्माकर तिला न्यायला येतो, ती जात नाही. ती लोकांची दळणं दळून घर चालवते. सुधाकर एकदा दारू सोडायचा निश्चय करून काम मागायला बाहेर पडतो, जिथे जातो तिथून अपमान घेऊन परततो आणि पुन्हा प्याल्याकडे वळतो. नशेत त्याच्या हातून स्वतःचं तान्हं मूल मरतं, सिंधू जखमी होते. पोलिसांसमोर ती नवऱ्याला वाचवण्यासाठी खोटं बोलते आणि मरते. सुधाकर प्याल्यात विष कालवून तो शेवटचा प्याला पितो.

प्रश्न कुठे उभा राहिला

पहिल्या वाचनाला सगळे खूश होते. पाच अंकी नाटक पूर्वी रात्र-रात्र चालायचं, आम्हाला ते अडीच तासांत बसवायचं होतं. संकलन मी केलं. ते करताना माझ्या डोक्यात एक गणित होतं आणि ते चुकीचं होतं. मला वाटलं, पहिला अंक हा ओळख करून देण्याचा अंक आहे. रामलाल विलायतेला जायला निघालाय, सुधाकर-सिंधूचा संसार सुखाचा आहे, मित्राबद्दल प्रेम आहे, हे सगळं प्रेक्षकाला चार वाक्यांत कळेल. कोर्टातला प्रसंग तर रंगमंचावर घडतच नाही, तो बोलण्यातून कळतो, मग त्यावर वेळ कशाला? पहिला अंक मी चाळीस मिनिटांवरून बारा मिनिटांवर आणला. आर्यमदिरामंडळाचे, म्हणजे तळीरामाच्या दारूबाज टोळक्याचे, प्रवेश मात्र जवळजवळ पूर्ण ठेवले, कारण तिथे हमखास हशा येतो आणि आमच्या हौशी मंडळींपैकी सात जणांना तिथेच काम मिळत होतं.

तालमींच्या पाचव्या आठवड्यात आम्ही गावातल्या तीस-चाळीस ओळखीच्या लोकांना बोलावून सलग तालीम दाखवली. त्या रात्री काय झालं ते मी वहीत लिहून ठेवलं होतं.

सुधाकर झोकांड्या खात आला की लोक हसत होते. ते एक वेळ चाललं असतं. पण तो सिंधूवर संशय घेऊन ओरडतो, तिथेही मागच्या रांगेत खुसखुस झाली. मुलाच्या मृत्यूच्या वेळी शांतता पसरली, पण ती सिंधूसाठी होती. आणि शेवटी, सुधाकर विषाचा प्याला उचलतो तेव्हा, समोर बसलेल्या एका बाईंनी शेजारणीला अगदी स्पष्ट ऐकू येईल असं म्हटलं, "सुटली बिचारी एकदाची." सुधाकरच्या मरणाचं कुणाला काही वाटलं नव्हतं.

नटाचं काम वाईट होतं का? अजिबात नाही. दारू प्यालेल्या माणसाची जीभ, पापण्या, एका खांद्यावर येणारा तोल, हे सगळं त्यानं बारकाईनं उभं केलं होतं. लोकांनी त्याचं कौतुकही केलं. "काय बेवडा उभा केलास राव," असं एकानं त्याच्या पाठीवर थाप मारून सांगितलं. तो हसला, पण घरी जाताना मला म्हणाला, "दादा, हे कौतुक बरं नाही. मी सुधाकर करतोय ना?"

प्रश्न त्यानंच नेमका मांडला होता. आमच्या रंगमंचावर एक दारूड्या होता, शोकांतिकेचा नायक नव्हता. दारूड्याची दया येऊ शकते, राग येऊ शकतो, पण त्याच्या पडण्यानं आपल्या पोटात खड्डा पडत नाही. त्यासाठी तो आधी किती उंचावर उभा होता ते डोळ्यांनी दिसावं लागतं. अरिस्टॉटलनं सांगितलेली जुनी अट हीच आहे: नायक फार सज्जनही नसावा, दुष्टही नसावा, आणि त्याचं पतन त्याच्याच एखाद्या चुकीतून, उणिवेतून घडावं. सुधाकरची उणीव दारू नाही. दारू ही त्या उणिवेला सापडलेली वाट आहे. उणीव आहे ती मानीपणाची. हा माणूस बुद्धीच्या जोरावर वर आला आहे, त्याच्याकडे वडिलार्जित काही नाही, जे आहे ते डोकं आणि प्रतिष्ठा. त्यामुळे अपमान त्याला इतरांसारखा लागत नाही. इतरांच्या अंगरख्याला चिखल लागतो, याचं कातडंच सोलून निघतं. आणि हा सगळा माणूस मी अठ्ठावीस मिनिटांच्या काटछाटीत कचऱ्यात टाकला होता.

समोर असलेले पर्याय

दुसऱ्या दिवशी आम्ही सहा जण बसलो. प्रयोगाला साडेपाच आठवडे होते. चार पर्याय पुढे आले.

नट बदलावा, असं आमच्या नेपथ्यकाराचं मत होतं. त्याचं म्हणणं, याचं अंग दारूड्याच्या हालचालींत इतकं मुरलंय की आता सुटणार नाही. हा पर्याय मी लगेच बाजूला ठेवला. चूक संहितेत होती आणि किंमत नटानं मोजायची, हे योग्य नव्हतं.

दुसरा पर्याय शेवटापासून सुरुवात करण्याचा. सुधाकर हातात विषाचा प्याला घेऊन उभा आहे आणि सगळं नाटक त्याला आठवतंय, असं. हा पर्याय तरुण मंडळींना फार आवडला होता आणि खरं सांगायचं तर मलाही भुरळ पडली होती. स्पर्धेत असं काही केलं की परीक्षकांना दिग्दर्शक दिसतो. पण शेवट आधी दाखवला की तळीराम प्याला पुढे करतो त्या क्षणाची धार जाते. तो क्षण असा हवा की प्रेक्षकाला वाटावं, हा घेणार नाही. त्याला कथा माहीत असली तरी वाटावं.

तिसरा पर्याय पैशांचा होता. व्यसनमुक्तीचं काम करणारी एक संस्था प्रयोगाचा निम्मा खर्च उचलायला तयार होती. अट एवढीच, की मध्यंतरात आणि शेवटी त्यांच्या माणसानं पाच-पाच मिनिटं बोलावं, आणि जाहिरातीत 'दारूचे दुष्परिणाम दाखवणारे नाटक' असं छापावं. या पर्यायावर सर्वांत जास्त वाद झाला, आणि तो व्हायलाच हवा होता. त्या संस्थेचं काम खरं होतं, आमच्या गावात त्यांनी घरं सावरलेली आहेत. शिवाय 'एकच प्याला' हे मद्यपानाविरुद्धचं प्रचारनाटक की एका माणसाच्या स्वभावाची शोकांतिका, हा वाद मराठीत जुना आहे. दोन्ही बाजूंनी बोलता येतं, कारण गडकऱ्यांनीच दोन्ही गोष्टी एका नाटकात कोंबल्या आहेत. पण आमच्या त्या वेळच्या अडचणीला हा पर्याय उलट खतपाणी घालणारा होता. प्रेक्षक आधीच सुधाकरकडे उदाहरण म्हणून बघत होता. त्याच्या गळ्यात आम्ही पाटीही अडकवली असती. आम्ही नम्रपणे नाही म्हटलं आणि त्यांच्या कार्यकर्त्यांसाठी गावातल्या प्रयोगाला दोन रांगा राखून ठेवायचं कबूल केलं.

चौथा पर्याय म्हणजे पहिला अंक परत आणायचा आणि त्याची भरपाई आर्यमदिरामंडळातून करायची. याचा अर्थ सात जणांपैकी चौघांचं काम जवळजवळ संपणार होतं. हौशी संस्थेत हा निर्णय किती जड असतो, ते संस्था चालवणाऱ्यालाच कळतं. त्या चौघांनी पाच आठवडे रोज रात्री येऊन पाठांतर केलं होतं. एकाच्या घरच्यांनी प्रयोगासाठी गावाहून यायचं ठरवलं होतं.

आम्ही चौथा पर्याय निवडला.

काय केलं

मंडळाचे प्रवेश कापायची गोष्ट मी चौघांना प्रत्येकाच्या घरी जाऊन सांगितली. दोघांनी समजून घेतलं, एक रुसला आणि पुन्हा आला नाही, चौथा प्रकाशयोजनेला मदत करायला राहिला. मंडळाचा एक प्रवेश मात्र आम्ही पूर्ण ठेवला. तळीराम ज्या जगातून येतो ते जग हसरं आहे, गप्पिष्ट आहे, हे दिसायलाच हवं. एकटा पडलेला माणूस तिथे ओढला जाईल, याची खात्री पटायला तो हशा लागतो.

मग सुधाकर. पहिले बारा दिवस मी प्याला, बाटली, झोकांड्या, जड जीभ, सगळ्यावर बंदी घातली. नाटकातला प्रत्येक प्रवेश, अगदी शेवटचासुद्धा, शुद्धीवरच्या माणसानं बोलावा तसा बोलायचा. नटाला पहिले तीन दिवस काही सुचेना. त्याचे हात मोकळे पडले. पण चौथ्या दिवशी एक गोष्ट घडली आणि आमच्या सगळ्या प्रयोगाचा पाया तिथे पडला.

नाटकात सुधाकर रामलालला दारूच्या अवस्था समजावून सांगतो. माणूस पहिल्यांदा कसा पितो, मग कसा अडकतो, आणि शेवटी सोडली तरी मरण, धरली तरी मरण अशा ठिकाणी कसा येतो. हे भाषण बहुतेक ठिकाणी नशेत, रडवेल्या सुरात होतं. आम्हीही तसंच बसवलं होतं. बंदीमुळे नटानं ते सरळ, स्वच्छ आवाजात, मुद्द्यांवर मुद्दा ठेवत म्हटलं. तालमीला त्या दिवशी गावातले एक निवृत्त वकील आले होते. पहिल्या अंकासाठी मीच त्यांना बोलावलं होतं. भाषण संपल्यावर ते म्हणाले, "अहो, हा युक्तिवाद आहे. हा माणूस स्वतःविरुद्धची केस चालवतोय, आणि जिंकतोय."

सुधाकरची सनद गेली, पण वकिली गेलेली नाही. त्याची बुद्धी शाबूत आहे, आणि त्याचं भयानक दुर्दैव तेच आहे. त्याला आपल्या रोगाची प्रत्येक पायरी ठाऊक आहे. तो रामलालच्या उपदेशाला उत्तर देऊ शकतो, कारण उपदेश करणाऱ्यापेक्षा त्याला जास्त कळतं. जो माणूस कळत नसताना बुडतो, त्याची कीव येते. हा डोळे उघडे ठेवून, पाण्याची खोली मोजत बुडतो. त्या भाषणानंतर तालमीच्या हॉलमध्ये कुणी लगेच बोललं नाही. नटानं स्वतः पाणी आणलं, प्यायला आणि म्हणाला, "हे आता झोकांडी देऊन म्हणता येणार नाही."

वकीलसाहेबांचा दुसरा उपयोग पहिल्या अंकाला झाला. सहा महिने सनद बंद म्हणजे काय, ते त्यांनी सविस्तर सांगितलं. फक्त उत्पन्न थांबत नाही. पक्षकार कागद परत मागायला येतात आणि नजर चुकवतात. ज्याच्याविरुद्ध काल उलटतपासणी घेतली, तो आज रस्त्यात मुद्दाम नमस्कार करतो. कारकुनाला काम उरत नाही, म्हणून तो मालकाजवळ नुसता बसून राहतो. हे शेवटचं वाक्य ऐकून तळीराम करणाऱ्या नटानं कान टवकारले. तोवर तो तळीराम हा खलनायक म्हणून करत होता, डोळे बारीक करून. आता त्यानं तो प्याला मायेनं पुढे केला. आपला साहेब जळतोय आणि आपल्याकडे एक औषध आहे, आपण स्वतः रोज घेतो, त्यात वाईट ते काय? त्या मायेमुळे तो क्षण पूर्वीपेक्षा कितीतरी भीतिदायक झाला.

नाटकात नसलेला कोर्टाचा प्रसंग आम्ही तालमीत उभा केला. प्रयोगात तो दाखवायचा नव्हताच. वकीलसाहेब न्यायाधीश झाले, इतर मंडळी कोर्टात बसली, आणि सुधाकरला एका मुद्द्यावर बोलता बोलता गप्प बसायला सांगितलं गेलं. नटानं पहिल्या दोन वेळा आवाज चढवला. तिसऱ्या वेळी त्यानं आवाज खाली आणला, फार अदबीनं एक वाक्य बोलला आणि ते वाक्य विषारी होतं. वकीलसाहेब म्हणाले, "आता सनद गेली." त्यानंतर पहिल्या अंकात सुधाकर घरी येतो तेव्हा त्याच्या चालण्यात ते वाक्य असायचं. चूक आपली होती हे त्याला माहीत आहे आणि ते तो कुणालाच, सिंधूलासुद्धा, सांगणार नाही.

काम मागायला निघालेल्या सुधाकरचा प्रवेश हा आमच्या मते नाटकाचा मणका. इथे तो शुद्धीवर आहे. दारू सोडलेला आहे. ओळखीच्या प्रतिष्ठितांच्या दारात उभा आहे. त्यांनी त्याला दोन गोड शब्द बोलून परत पाठवलं असतं तर कदाचित नाटक इथेच संपलं असतं. पहिल्या प्याल्याच्या वेळी तळीराम होता, विसरण्याची घाई होती, अननुभव होता. या दुसऱ्या वेळी फसवणारं कुणी नाही. सगळं ठाऊक असलेला माणूस पुन्हा तिकडे जातो, आणि जाण्याचं कारण तेच, कोर्टातलंच: अपमान गिळता येत नाही. सिंधू घरी दुसऱ्यांचं दळण दळते आणि तिचा मान कुठे जात नाही. तिचा नवरा एक नकार ऐकतो आणि मोडतो. या प्रवेशाला मी सगळ्यांत जास्त, नऊ तालमी दिल्या.

सिंधूचा आक्षेप

हे वेगळं लिहितो, कारण याचा निकाल आम्हाला पुरता लावता आला नाही.

सिंधू करणारी मुलगी पंचविशीची, स्वतः नोकरी करणारी. सुधाकर जसजसा उंच होत गेला तसतशी ती अस्वस्थ होत गेली. एका रात्री तालीम संपल्यावर ती थांबली. म्हणाली, "दादा, तुम्ही सगळे मिळून त्याला मोठं करताय. मग तो मला मारतो तेसुद्धा लोकांना मोठं वाटेल. मला तिथे कसं उभं राहायचं?" माझ्याकडे तयार उत्तर नव्हतं. मी गडकऱ्यांचा काळ, पातिव्रत्याची कल्पना वगैरे बोललो. तिनं शांतपणे ऐकलं आणि म्हणाली, "ते सगळं मला पाठ आहे. मला शेवटी पोलिसांपुढे खोटं बोलायचंय. ते मी काळासाठी नाही बोलू शकत."

तिचा मुद्दा बिनतोड होता. शोकांतिकेच्या नायकाबद्दल करुणा हवी, पण त्या करुणेत त्यानं केलेला गुन्हा विरघळून जाता कामा नये. आम्ही दोन गोष्टी बदलल्या. काठीचा घाव आधी आम्ही अंधारात, आवाजावर घेणार होतो. तो उजेडात घेतला. प्रेक्षकाला बघायला लागला. आणि घावानंतर सुधाकरवरचा प्रकाश काढून तो सिंधूवरच ठेवला, तिचं सगळं होईपर्यंत.

खोटं बोलण्याच्या प्रवेशाचा मार्ग तिनं स्वतः शोधला. तिनं ते वाक्य नवऱ्याकडे न बघता, पोलिस अंमलदाराच्या डोळ्यांत बघून, ठामपणे म्हटलं. मरणारी बाई आपल्या आयुष्यातला शेवटचा निर्णय घेतेय आणि त्यात कुणाला ढवळाढवळ करू देणार नाही, असं ते दिसलं. 'कशि या त्यजूं पदाला' हे पदही तिनं याच सुरात गायलं. पद्माकर न्यायला आलाय, आणि ती त्याच्याशी जवळजवळ भांडतेय. गाण्यातला लाडिकपणा गेला. काही जुन्या श्रोत्यांना ते आवडलं नाही. मला फार आवडलं.

एक चूक, माझी

कोर्टाचा प्रसंग तालमीत साधला त्याच आठवड्यात मी एक गोष्ट केली जी करायला नको होती. सुधाकर करणाऱ्या नटाच्या घरी, त्याच्या लहानपणी, दारूनं काय केलं होतं ते मला ठाऊक होतं. मूल मरतं त्या प्रवेशात तो अडला तेव्हा मी सगळ्यांसमोर म्हणालो, "तुला हे शोधायला बाहेर कशाला जायचं? घरी बघितलंयस ना तू." तो काही बोलला नाही. प्रवेश पूर्ण केला, उत्तम केला, आणि नंतर तीन दिवस तालमीला आला नाही.

चौथ्या दिवशी मी त्याच्या घरी गेलो आणि माफी मागितली. तो म्हणाला, "दादा, मी ते वापरतच होतो. पण ते माझं होतं. तुम्ही ते सगळ्यांचं केलंत." तो परत आला. त्या प्रवेशात मात्र पुढे कायम एक सावधपणा राहिला, आणि तो माझ्यामुळे राहिला.

निकाल

स्पर्धेतला प्रयोग ठरलेल्या अडीच तासांऐवजी दोन तास पन्नास मिनिटं चालला. सांघिक बक्षीस मिळालं नाही. परीक्षकांशी बोलताना लांबी आणि रामलाल-शरदचं उपकथानक यावर बोट ठेवलं गेलं, आणि ते बरोबर होतं. रामलालला आपल्या आश्रयाला असलेल्या शरदबद्दल मोह होतो आणि तो त्यातून सावरतो. सुधाकरच्या शेजारी ही गोष्ट गडकऱ्यांनी विचारपूर्वक ठेवली आहे, कारण तिथे दुसरा एक माणूस आपल्या दोषाशी झगडून मागे फिरतो. आम्ही ती ठेवली खरी, पण तिला पुरेशी तालीम दिली नाही. अर्धवट ठेवलेली गोष्ट कापलेल्या गोष्टीपेक्षा जास्त वेळ खाते.

गावातले दोन प्रयोग वेगळे झाले. पहिल्या अंकात लोक सुधाकर-सिंधूच्या संसारात रमले. आर्यमदिरामंडळाला हशा आला आणि त्यानंतर सुधाकर पहिल्यांदा तोल जाऊन आत येतो तेव्हा तो हशा तिथेच तुटला. नेमक्या त्याच जागी आधी खुसखुस होत होती. नटानं झोकांडी ठेवली होती, पण फक्त दोन ठिकाणी. बाकी सगळीकडे हा माणूस आपण प्यालेलो नाही हे दाखवण्याची धडपड करतो. सरळ उभं राहण्याचा तो प्रयत्न बघवत नव्हता.

राखून ठेवलेल्या दोन रांगांमध्ये व्यसनमुक्ती संस्थेचे कार्यकर्ते होते, आणि त्यांच्याबरोबर काही कुटुंबं. प्रयोगानंतर त्यांतल्या एक मध्यमवयीन बाई विंगेत आल्या, सिंधू करणाऱ्या मुलीचा हात धरून बराच वेळ उभ्या राहिल्या. मग सुधाकर करणाऱ्या नटाकडे वळून म्हणाल्या, "तुम्ही मेलात तेव्हा मला रडू आलं नाही. पण नोकरी मागायला गेलात ना, तेव्हा आलं." त्यानं वाकून नमस्कार केला. आमच्या दृष्टीनं यापेक्षा नेमका अभिप्राय दुसरा नव्हता.

वेगळं काय करता आलं असतं

संकलन तालमीच्या आधी, एकट्यानं, घड्याळ समोर ठेवून करायला नको होतं. पहिले दोन आठवडे पूर्ण संहिता उभी करून मग काटायला हवं होतं. कोर्टासारखा प्रसंग रंगमंचावर घडत नाही म्हणून तो कमी महत्त्वाचा, असं मी धरून चाललो. लेखकानं प्रसंग पडद्याआड ठेवला असेल तर त्याचं वजन नटाच्या अंगावर येतं, आणि ते वजन घेऊन चालायला रंगमंचावर वेळ द्यावा लागतो.

रामलालबद्दल वर लिहिलंच आहे. त्याला चार तालमी जास्त मिळाल्या असत्या तर सुधाकरही जास्त कळला असता. शिवाय मंडळातून कापलेल्या चौघांना संहिता हातात द्यायच्या आधीच सांगता आलं असतं की भूमिका तीन आठवड्यांनी पक्क्या होतील. जो रुसला, तो अजून आमच्याकडे आलेला नाही.

आणि दळण. सिंधूच्या दळणाचा प्रवेश आणि सुधाकरच्या काम मागण्याचा प्रवेश आम्ही एकामागून एक केले. प्रयोग संपल्यानंतर महिन्याभरानं सिंधू करणारी मुलगी म्हणाली की हे दोन्ही एकाच वेळी, रंगमंचाच्या दोन टोकांना, व्हायला हवे होते. एका रविवारी दुपारी हॉल रिकामा होता, नेपथ्य उतरवलेलं होतं, म्हणून आम्ही करून बघितलं. ती एका कोपऱ्यात जात्यापाशी बसली. गाणं नाही, नुसती जात्याची घरघर. तो दुसऱ्या टोकाला दारात उभा राहून काम मागू लागला. पहिला नकार मिळाला. दुसरा मिळाला. तिसऱ्या दारापाशी त्याचं वाक्य होतं, तो थांबला आणि ऐकत राहिला. जातं चालूच होतं. शेवटी प्रॉम्प्टरला वाटलं हा ओळ विसरला, आणि त्यानं ओळ दिली.